मोटार पळत नाही, चालते

नमस्कार श्रोतेहो.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी पुण्यात भाषांतराची फुटकळ कामं करायचो. एकदा शेतीच्या पंपाबरोबर मिळते तसली माहितीपुस्तिका मराठीत करायला आली. तिच्यात ठळक अक्षरांत एक सूचना होती : ‘डू नॉट रन द पंप ड्राय.’ मी मराठी माध्यमातला. पाचवीपासून घोकलेलं, गो-वेंट-गॉन, रन-रॅन-रन, रन म्हणजे पळणे. रात्रीचा एक वाजला होता. मी बिनदिक्कत लिहून मोकळा झालो : ‘पंप कोरडा पळवू नये.’

सुट्टीत गावी गेलो, तेव्हा तो कागद मोठ्या कौतुकाने मोटारी बांधणाऱ्या मिस्त्रींना दाखवला. हाताचं ग्रीस फडक्याला पुसत त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, “सायेब, मोटार काय पळती व्हय? चालती ती. पानी नसताना चालू ठिवली तर सील जळतं, एवढंच लिवा की.”

तेव्हापासून या रनवर माझा डोळा आहे.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात बरीच वर्षं ‘सेट’ हे क्रियापद सगळ्यांत लांबलचक नोंदीचा मान मिरवत होतं. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एका नोंदीला सुमारे 60,000 शब्द लागले होते. एवढ्या शब्दांत एक बऱ्यापैकी कादंबरी होते. पुढे कोशाची नवी उजळणी सुरू झाली आणि 2011 मध्ये बातमी आली की ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या कोशकाराने एकट्या रनवर नऊ महिने घालवले होते. क्रियापद म्हणून त्याचे अर्थ भरले 645. नऊ महिने, श्रोतेहो. तेवढ्यात घरात मूल येतं.

मूळ शब्द तसा साधा. जुन्या इंग्रजीत आणि तिच्या जर्मन भावंडांत या धातूला दोन अर्थ होते, पळणं आणि वाहणं. माणूस पळतो, पाणी वाहतं, दोघांना शब्द एकच. अमेरिकेत व्हर्जिनियाकडे आजही ओढ्याला ‘रन’ म्हणतात. तिथल्या यादवी युद्धातली 1861 ची ‘बुल रन’ची लढाई बैलांच्या शर्यतीवरून नव्हे, एका ओढ्यावरून ओळखली जाते. चीज करताना दूध गोठवायला घालतात ते रेनेट, तोही शब्द याच घराण्यातला. दुधाचे कण वाहत एका जागी येतात आणि गोळा होतात, अशी ती कल्पना.

वाहण्याचा हा धागा हातात धरला की पुष्कळ गुंता सुटतो. नाक ‘रन’ होतं, कारण ते वाहतं. साडीचा रंग ‘रन’ होतो, आपण म्हणतो रंग जातो. पुढे यंत्रं आली आणि रनला ऊत आला. गिरणी, आगगाडी, घड्याळ, आता संगणकातला प्रोग्राम, जे जे सुरू झालं ते ते इंग्रजीत पळायला लागलं. हिंजवडीतली पोरंही ‘कोड रन होत नाहीये’ असंच म्हणतात, तिथे मराठी शब्द शोधायला कुणाला सवड नाही.

गंमत पुढेच आहे. जिथे इंग्रज पळतो, तिथे मराठी माणूस बहुतेक वेळा चालतो. त्याचं दुकान पळतं, आपलं चालतं. त्याच्या घराण्यात एखादा गुण पळतो, आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. बस चालते, खटला चालतो, संसार कसाबसा चालतो, कुणाचं डोकं चालतं, कुणाची जीभ. आणि ‘चालेल’! हा एक शब्द इंग्रजीत करून दाखवा. त्यात होकार आहे, तडजोड आहे, थोडी नाराजीही आहे. लग्नाच्या बैठकीत वधूपिता ‘चालेल’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय हे त्याच्या बायकोलाच कळतं. आपल्या ‘चालणे’चे अर्थ मोजायला कुणी नऊ महिने बसलं, तर रनला चांगली टक्कर होईल असं मला वाटतं.

निवडणुकीत तर तीन तऱ्हा. अमेरिकेतला उमेदवार पदासाठी पळतो. ब्रिटनमधला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो, पण हरला की ‘पडला’ म्हणतात. उभ्या माणसाचं पडणं हे चित्र मराठीने पुरं केलंय. पळणारा हरला तर अमेरिकन त्याला ‘ऑल्सो रॅन’ म्हणतात. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. पहिल्या तिघांची नावं दिल्यावर उरलेल्या घोड्यांच्या यादीवर लिहायचे, ‘हेही धावले’.

आणि बँकेवरचा ‘रन’? 2007 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदारांची रीघ लागली. पैसे बुडतील या धास्तीने माणसं तासन्‌तास मुकाट रांगेत उभी होती. पळत कुणीच नव्हतं, तरी तो ‘रन’च.

क्रिकेटमध्ये मात्र आपण रनला सरळ मराठी केलं. धाव. ज्यांनी बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओला कान लावून ऐकलंय, त्यांना ‘धावबाद’ हा शब्द भाषांतरित वाटतच नसेल. अठराव्या शतकात इंग्लंडात धावा काठीवर सुरीने खाचा पाडून मोजत आणि त्यांना ‘खाचा’च म्हणत. बावीस यार्ड धावावं, एक खाच पडावी. आता चेंडू सीमेपार गेला की फलंदाज बॅटवर रेलून उभा, आणि फलकावर चार धावा. जागचं न हलता.

तरी एक कबूल करायला हवं. ‘दूध रन आउट झालं’, म्हणजे संपलं, याला मराठी म्हणून मी एका वाचकाच्या मुलाला एकदा ‘दूध धावबाद झालं’ असं गमतीने सांगितलं. पोराने ते वहीत लिहून नेलं, आणि त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी मला गाठलं.

त्या पंपाच्या पुस्तिकेचं काय झालं ते राहिलंच. मिस्त्रींचं वाक्य मी छपाईआधी घुसवलं : ‘पाणी नसताना मोटार चालू ठेवू नये, सील जळते.’ गावाकडच्या एका विहिरीवर, मोटारीच्या खोपीत, तो कागद खिळ्याला टांगलेला मी नंतर पाहिला. कडा तेलाने काळ्या झालेल्या, पण ते वाक्य वाचता येत होतं.

काचेपलीकडून घड्याळाकडे बोट दाखवतायत. अजून दोन मिनिटं बोललो तर चालेल का, असं मी खुणेने विचारलं. मान आडवी हलली. नाही चालणार. नमस्कार.