खोकला कुठे पेरायचा?

(दृश्य: पॅरिसमधली माळ्यावरची गारठलेली खोली)

नाताळची आदली रात्र. दारावर थाप पडते. विझलेली मेणबत्ती घेऊन शेजारची मिमी उभी आहे. जिना चढून तिला धाप लागली आहे. खोकल्याची उबळ येते, पाठोपाठ घेरी. कवी रोदोल्फो तिच्या तोंडावर पाणी शिंपडतो, घोटभर वाइन देतो. मग किल्ली हरवते, अंधारात हाताला हात लागतो, आणि प्रेक्षक तो खोकला विसरतो. विसरावा म्हणूनच तो इतक्या लवकर पेरलेला असतो.

इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेराचा, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाचा, पहिला प्रयोग १ फेब्रुवारी १८९६ रोजी इटलीतल्या तुरीनमध्ये झाला. मिमीला क्षय आहे. आजारी नायिका कशी रचावी, हे त्यातून शिकावं.

दुसऱ्या अंकात, कॅफेच्या गर्दीत, आजाराचा मागमूस नाही. सतत खोकणाऱ्या पात्राची कीव येते, मग कंटाळा येतो. म्हणून ही उसंत. तिसऱ्या अंकात मिमी झाडाआडून रोदोल्फोचं बोलणं ऐकते: ती फार आजारी आहे, आणि माझ्या खोलीत शेकोटीसुद्धा नाही. तिला हुंदका आवरत नाही, खोकला दाबता येत नाही. त्या आवाजानेच ती पकडली जाते.

(दृश्य: चौथा अंक, पलंग)

खरी पंचाईत इथे. फुप्फुसं पोखरलेली बाई गाणार कशी? पुच्चिनी ओळी तुटक करतो, स्वर खाली आणतो, शेवटचं वाक्य अर्धवट सोडतो. तिच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून रोदोल्फो खिडकीला आडोसा करत असतो. ती गेल्याचं आधी कळतं ते मित्र शोनारला, आणि आपल्याला. रोदोल्फोला सगळ्यांत शेवटी.

पण क्षयच का? कॉलरा काही तासांत माणूस संपवतो, देवी चेहरा विद्रूप करते. क्षय महिनोन्महिने रेंगाळतो, चेहरा फक्त फिकट करतो, आणि रुग्ण बहुधा अखेरपर्यंत बोलू शकतो. तीन-चार अंकांना याहून सोयीचा आजार नाही. बेडका, रात्रीचा घाम, घरच्यांना होणारी लागण हे सारं मात्र पडद्याआड राहतं. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने क्षयाचा जिवाणू जाहीर केला २४ मार्च १८८२ रोजी. कथा १८३०च्या सुमाराची, तेव्हा पात्रांचं अज्ञान क्षम्य. १८९६च्या प्रेक्षकाने मात्र डोळेझाक केली.

हे गणित फसतंही. ६ मार्च १८५३, व्हेनिस. संगीतकार व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराचा पहिला प्रयोग. नायिका क्षयाने खंगलेली, गायिका मात्र अंगाने भरलेली. ‘आता काही तासच उरले,’ असं डॉक्टर म्हणाले आणि प्रेक्षक हसले. पुढच्या वर्षी त्याच शहरात, दुसऱ्या गायिकेसह, हाच ऑपेरा गाजला.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षय औषधाने बरा होऊ लागला आणि लेखकांची अडचण झाली. मग हिंदी पडद्यावर रुमालातल्या रक्ताच्या जागी ब्लड कॅन्सरचा रिपोर्ट आला.

आज कुणाला क्षयाची नायिका लिहायचीच असेल, तर सहा महिन्यांच्या गोळ्यांचा हिशेब द्यावा लागेल. गोळ्या मध्येच सुटल्या? की जिवाणू औषधांना दाद देत नाही? आणि मुख्य म्हणजे, तिच्याबरोबर त्याच खोलीत राहणाऱ्यांची तपासणी झाली का?