किंथुपचे पाचशे ओंडके

नमस्कार श्रोतेहो, कसे आहात?

हल्ली कुठंही निघायचं म्हटलं की आपण मोबाईलवर लोकेशन टाकतो आणि त्यातली बाई सांगेल तिकडं निमूट वळतो. आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्यांनी पावलं मोजून नकाशे केले. हो, पावलं मोजून! आणि तेही वेश बदलून, जीव मुठीत धरून.

1860 च्या दशकातली गोष्ट. तिबेटात गोऱ्या साहेबाला शिरायला बंदी. इकडं ब्रिटिशांना रशियाची धास्ती, त्यामुळे पलीकडचा नकाशा तर पाहिजेच. मग सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन मॉन्टगोमेरीनं डोकं चालवलं, की साहेब नाही जात तर सीमेवरचेच लोक पाठवू, व्यापारी नाहीतर यात्रेकरू म्हणून. (हे खातं म्हटलं की मला हिंगणघाट आठवतंच. ज्या लॅम्ब्टननं मद्रासकडून भारत मोजायला सुरुवात केली, तो मोजत मोजत वर आला आणि 1823 मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला, कबरही तिथंच आहे. त्या बाजूला लग्नाकार्याला जाता ना, मग बघून या की एकदा. असो.)

तर कुमाऊंतल्या मिलम गावचे नैनसिंग रावत, पेशानं शाळामास्तर, त्यांना डेहराडूनला शिकवून तयार केलं. काय शिकवलं? चढ असो उतार असो, पाऊल एकाच मापाचं टाकायचं. साधारण 2000 पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण मणी 108 नाहीत, 100. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा, म्हणजे माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, पाच मैल! बघणाऱ्याला वाटायचं जप चाललाय. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींच्या चिठ्ठ्या. आणि उंची मोजायला थर्मामीटर, कारण उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं, हिमालयात कुकरशिवाय डाळ का शिजत नाही ते ट्रेकवाल्यांना विचारा. असं करत नैनसिंग जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोचले, आणि पुढं 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं.

पण मंडळी, मला खरं सांगायचंय ते किंथुपबद्दल.

त्या वेळी एक मोठा वाद होता. तिबेटात सांगपो नदी पूर्वेकडं वाहत जाते आणि एका भयानक दरीत गडप होते. इकडं आसामात ब्रह्मपुत्रा. या दोन्ही एकच का? कुणालाच नक्की माहीत नव्हतं. याच सर्वेक्षण खात्यातला कॅप्टन हार्मन म्हणाला, सोप्पंय, वरून खुणेच्या नळ्या ठोकलेले ओंडके नदीत सोडा, आम्ही खाली आसामात माणसं बसवून बघतो येतात का. त्यासाठी 1880 मध्ये दार्जिलिंगहून एक चिनी लामा पाठवला, सोबत नोकर म्हणून सिक्कीमचा किंथुप. किंथुपला लिहिता वाचता येत नव्हतं, हे लक्षात ठेवा.

लामा कसला, महाशय वाटेत यजमानाच्या बायकोच्या नादी लागले! चार महिने तिथंच मुक्काम, आणि शेवटी प्रकरण मिटवायला पैसे कुणी भरले, तर किंथुपनं. पुढं त्याच लामानं एका किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याला किंथुपला गुलाम म्हणून विकलं आणि पसार झाला. किंथुप तिथून निसटला तर धन्याची माणसं मागावर. एका मठातल्या मोठ्या लामाचे त्यानं पाय धरले, त्यानं 50 रुपये मोजून सोडवलं, पण आता याची चाकरी.

दुसरा कुणी असता तर सुट्टी मिळताच घरी पळाला असता की नाही? यानं काय केलं, तीर्थयात्रेला जातो म्हणून रजा घेतली, नदीकाठी जाऊन 500 ओंडके तोडले, गुहेत लपवले आणि मुकाट मठात परत. पुन्हा चाकरी. पुन्हा यात्रेची रजा, या वेळी थेट ल्हासा, तिथं दुसऱ्याकडून पत्र लिहवून दार्जिलिंगला धाडलं की अमुक तारखेपासून रोज पन्नास ओंडके सोडतो. आणि परत मठात! का, तर ठरलेली तारीख अजून लांब होती. शेवटी मठवाल्या लामानं त्याला मोकळं केलं, आणि किंथुपनं दहा दिवस, रोज पन्नास, 500 ओंडके सांगपोत सोडले.

खाली बघायला कुणीच नव्हतं. पत्र वेळेत योग्य हातात पडलंच नाही, आणि हार्मन तोवर भारत सोडून गेलेला. 500 ओंडके आले काय आणि गेले काय.

चार वर्षांनी, 1884 मध्ये किंथुप परतला, तोवर आई वारलेली. त्यानं सगळा प्रवास तोंडी सांगितला, दुसऱ्यानं उतरवून घेतला, आणि खात्यातल्या बऱ्याच जणांचा विश्वासच बसेना. सही करता येत नाही म्हणजे डोकं नाही, हा आपल्याकडचा जुना रोग आहे, आजही बँकेच्या काउंटरवर बघा!

पुढं 1913 मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन ब्रिटिश अधिकारी त्या दरीत गेले, तेव्हा कळलं की किंथुपचं वर्णन बहुतेक बरोबर होतं. एका धबधब्याच्या उंचीचा घोळ तेवढा होता, तोही उतरवून घेताना झालेला. बेलीनं किंथुपला हुडकून काढलं, तो दार्जिलिंगला शिंपीकाम करत होता. बेली म्हणाला याला पेन्शन द्या. सरकारनं पेन्शन नाकारली आणि एकरकमी 1000 रुपये देऊन विषय संपवला. त्यानंतर किंथुप फार जगला नाही, म्हणजे हिशेबात सरकारचंही नुकसान झालं नसतं.

त्याच दरीच्या भागात, मेडोगला, चीननं जुलै 2025 मध्ये प्रचंड धरणाचं काम सुरू केलंय, त्यामुळे वरून किती पाणी येतंय हा प्रश्न आसामाला आजही पडलेला आहे, आणि आता उपग्रह आहेत तरी वरच्यानं आकडे द्यायचे की नाहीत हे राजकारणच ठरवतं.

वेळ संपत आलाय, आमचे इंजिनिअर काचेमागून हात करतायत. नैनसिंगांचे भाऊबंद किशनसिंग, त्यांची तिबेटवारी राहिली, ती पुढच्या वेळी. नमस्कार.