मागून आणलेला किल्ला

(दृश्य: रात्र. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीचं फाटक. रस्त्याकडेला सातविणीचं झाड, दिव्याच्या उजेडात फुलांचे गुच्छ.)

आश्विन लागला की पुण्यात अंधार पडल्यावर एक वास पसरतो. सातविणीचा. दिवसा या झाडाकडे कुणी मान वर करून बघत नाही. हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ, एकेका पेराला सहा-सात पानांचं कोंडाळं, म्हणून सप्तपर्णी. रात्री मात्र अख्खा रस्ता त्या वासाने भरून जातो. काहींचं डोकं दुखतं म्हणे. मला तो वास आला की अजूनही आधी सहामाही परीक्षेचा गोळा पोटात येतो आणि मागोमाग दिवाळीची सुट्टी आठवते.

या दिवसांत पाऊस माघारी निघालेला असतो. दुपारचं ऊन चटकतं, पण चार महिन्यांची ओल जमिनीत अजून टिकून असते. बोटाने उकरली तरी माती निघते, आणि मुठीत दाबली की मुठीचा आकार धरते. किल्ला करायचा तो याच मातीत.

(दृश्य: दुपार. शाळेच्या गणवेशातली मुलं पळत येतात. दप्तरं जिन्यात.)

शेवटचा पेपर साडेअकराला सुटला. बाराला सहाजण पार्किंगच्या कोपऱ्यात उभे होते. तिथे एका काकांची गाडी लागते. मुलांनी वर जाऊन बेल दाबली. काकांनी दार उघडलं, सहा चेहरे बघितले आणि कुणी काही बोलायच्या आतच किल्ली घ्यायला वळले. "कळलं, कळलं. पण मागच्या वर्षीसारखा माझ्या वायपरवर झेंडा लावायचा नाही."

मग प्रश्न आला, कोणता किल्ला? जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. मुलांना ही यादी तोंडपाठ आहे. एकाला सिंधुदुर्ग हवा होता. "समुद्र कुठून आणणार?" या प्रश्नावर तो गप्प बसला. शेवटी राजगड ठरला, कारण गटातली एक मुलगी बाबांबरोबर तिथे जाऊन आली होती. तिने खडूने फरशीवर तीन फाटे काढले. पद्मावती माची, सुवेळा माची, संजीवनी माची. मधे गोल, तो बालेकिल्ला. "आणि संजीवनीला तट दुहेरी आहे. दोन भिंती करायच्या म्हणजे करायच्या."

(दृश्य: मुलं घमेलं, खुरपं घेऊन तळमजल्यावरच्या दारापाशी.)

माती आजींकडून आली. आजी आधी रागावल्या. "कुंडीतली नको रे, कढीपत्त्याची मुळं उघडी पडतील." मग स्वतःच चप्पल घालून मागच्या अंगणात गेल्या, कुठली माती घ्यायची ते दाखवलं आणि घरातली जुनी चाळणी आणून दिली. विटा वॉचमनकाकांनी दिल्या. पाण्याच्या टाकीमागे दुरुस्तीतून उरलेल्या अकरा विटा कुठे आहेत, हे साऱ्या सोसायटीत फक्त त्यांना माहीत होतं.

आणि पोती? किल्ल्याला गोणपाट लागतं, तागाचं. हल्ली धान्य प्लास्टिकच्या पोत्यातून येतं, त्यावर चिखल धरतच नाही. मुलं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली. दुकानदार काउंटरखाली वाकले आणि घडी घातलेली तीन गोणपाटं वर काढली. वर्षभरात जी काही आली, त्यांतली तीन बाजूला ठेवली होती. "गुळाचं एक होतं, ते नाही ठेवलं. मुंग्या लागतात. मावळ्यांना चावतील." हे सांगताना त्यांचा चेहरा गंभीर होता आणि मुलांचाही.

आता बाजारात तयार किल्ले मिळतात. आणले, ठेवले, दिवाळी झाली की माळ्यावर. ज्यांच्या दारात मूठभर माती नाही त्यांनी काय करावं? ते आणतात, आणावेत. पण तयार किल्ल्यासाठी कुणाचं दार वाजवावं लागत नाही, आणि मला वाटतं, तिथेच तो किल्ला थोडा अपुरा राहतो. इथे पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात घरांची दारं वाजली होती. त्यातल्या एका घरातल्या माणसांना मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. त्यांनी बालेकिल्ल्यासाठी तळ फुटलेली बादली दिली.

(दृश्य: अगदी जवळून. चिखलाने भरलेलं घमेलं. दोन लहान हात गोणपाट आत दाबतात.)

चिखल ताकापेक्षा दाट आणि पिठल्यापेक्षा पातळ हवा. गोणपाट त्यात बुडवायचं, सगळीकडून दाबायचं, तागाच्या धाग्याधाग्यांत माती शिरेपर्यंत. मग दोघांनी दोन टोकं धरून उचलायचं. ते इतकं जड होतं की पोटाशी धरावं लागतं, आणि शर्ट जातो तो जातोच. विटांच्या ढिगावर आणि पालथ्या बादलीवर ते पसरलं की क्षणात डोंगर दिसायला लागतो. घड्या पडतात त्या घळी. सुरकुत्या पडतात त्या पायवाटा. मग वरून मातीचा हात, वळून केलेले तट, पट्टीने कापलेल्या पायऱ्या. आणि उतारावर आळीव आणि मोहरी पेरायची.

चौथ्या दिवशी मोहरी उगवली. एकेका दाण्यातून पांढरा देठ आणि टोकाला दोनच पानं, डोक्यावर मोहरीचं फुटकं साल टोपीसारखं अडकलेलं. मुलं पोटावर पालथी पडून ते बघत होती. आमचा कॅमेरामनही.

(दृश्य: कसबा पेठेतला कुंभारवाडा. पणत्या, बोळकी, रंगवलेली चित्रं.)

मावळे कुंभारवाड्यातून आले. सिंहासनावरचे महाराज वीतभर, मावळे बोटभर, गवळण मावळ्याच्या दीडपट आणि वाघ हत्तीपेक्षा मोठा. कुणालाही त्यात काही चुकतंय असं वाटत नाही. पहिल्या मजल्यावरचा चार वर्षांचा मुलगा स्वतःचा प्लास्टिकचा डायनासोर घेऊन आला. मोठी मुलं एकमेकांकडे बघू लागली. राजगडावर डायनासोर? तो मुलगा काही बोलला नाही, फक्त डायनासोर दोन्ही हातांनी पुढे धरून उभा राहिला. मग दुहेरी तटवाली मुलगी म्हणाली, "किल्ल्याखालच्या जंगलात ठेवू. शत्रू आला तर पहिल्यांदा याला दिसेल." डायनासोर पहाऱ्याला लागला. त्यानंतर तो छोटा रोज सकाळी दूध पिऊन झालं की तिथे हजर.

(दृश्य: रात्र. वीज. पावसाचा आवाज.)

वसुबारसेच्या आदल्या रात्री परतीच्या पावसाने गाठलं. अकराच्या सुमाराला ढग गडगडले आणि वाऱ्याने पाऊस थेट पार्किंगच्या कोपऱ्यात आणला. सकाळी मुलं धावत खाली आली तेव्हा किल्ल्यावर करड्या रंगाचं गाडीचं कव्हर अंथरलेलं होतं, कडांना विटा ठेवून. दोन बुरूज ढासळले होते, बाकी राजगड कोरडा. शेजारी काकांची गाडी ओलीचिंब उभी, काचेवर सातविणीची फुलं चिकटलेली. काका बाल्कनीतून ओरडले, "झेंडा लावलात का रे वायपरला?"

मुलांनी लावला. काकांनी तो दिवाळीभर ठेवला.

(दृश्य: नरकचतुर्दशीची पहाट. पणत्या. उटण्याचा वास दिसत नाही, पण ओले केस आणि नवे कपडे दिसतात.)

अभ्यंगस्नान उरकून घरोघरची माणसं आधी किल्ला बघायला उतरली. पायथ्याच्या विहिरीत पणती, दरवाजाशी पणती. सलाईनच्या नळीचं कारंजं सुरू झालं आणि टाळ्या पडल्या. नंतर फराळाची ताटं जिन्यात वरखाली सुरू झाली. आजींच्या चकल्या यंदा मऊ पडल्या होत्या. सगळ्यांनी मागून घेतल्या.

दुपारी पार्सल घेऊन एक डिलिव्हरीवाला मुलगा आला. वर जाऊन पार्सल दिलं, खाली आला आणि हेल्मेट घालता घालता थांबला. "राजगड का?" त्याने विचारलं. मुलांना कोण आनंद झाला. तो उकिडवा बसला. "पायऱ्या लई उभ्या झाल्यात. मावळा घसरंल." खिशातून गाडीची किल्ली काढली आणि मातीवर थोडं पाणी मारून तिच्या टोकाने एकेक पायरी तिरकी कापत गेला. पाच-सहा मिनिटं गेली असतील. मोबाईल वाजला, त्याने तो बंद केला. गावाकडे ते अंगणात किल्ला करायचे, पार बैलगाडीभर माती आणून, असं त्याने सांगितलं. उठताना त्याच्या हातात कुणीतरी बेसनाचे दोन लाडू ठेवले. एक त्याने तिथेच खाल्ला, दुसरा शर्टाच्या खिशात. किल्लीला चिकटलेली माती पँटला पुसून तो निघाला.

(दृश्य: कार्तिकातली सकाळ. पातळ धुकं. तुळशीवृंदावनावर ऊस आणि आवळे.)

तुळशीचं लग्न लागलं आणि किल्ला उतरवला. मोहरी तोवर बोटभर उंच होऊन पिवळी पडली होती. माती आजींच्या अंगणात गेली. विटा टाकीमागे, मोजून अकरा. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात. एकाचा भाला मोडला होता, त्याला काडेपेटीतली काडी चिकटवली. डायनासोर घरी गेला.

गोणपाटं मुलांनी नळाखाली धुतली, दोन दिवस गच्चीवर वाळवली आणि दुकानात नेऊन दिली. तागात थोडी माती राहिलीच होती, आणि एका टोकाला मोहरीचं एक रोप अजून धरून होतं. दुकानदारांनी गोणपाट झटकलं. रोप बघितलं, ते तसंच ठेवलं. मग तिन्हींची घडी घालून काउंटरखाली आत, पार भिंतीपर्यंत सरकवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "काय देऊ?"