लीनाचं काळीज

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘अमेरिकेतली व्हॅम्पायर मुलगी’ असा लिहिलाय, तो मी दिलेला नाही हे आधी सांगून टाकतो. मी दिलं होतं ‘एका मुलीचं मरण’, पण त्याला कोण येणार असं संयोजकांना वाटलं असेल, आणि खुर्च्या भरल्यात म्हणजे त्यांचं अगदीच चुकलं असंही म्हणता येत नाही. पण रक्त पिणारं भूत ऐकायला जे आलेत त्यांची जरा निराशा होणार बरं का.

तर ऱ्होड आयलंड, अमेरिकेतलं सगळ्यात लहान राज्य, आणि त्यातलं एक्सेटर नावाचं गाव. गाव म्हणजे काय, लांब लांब पसरलेली शेतं, दगडी बांध, एक चर्च. १८२० मध्ये तिथे अडीच हजारांहून जास्त माणसं होती, १८९२ पर्यंत उरली ९६१. जमीन खडकाळ, पिकणार काय, तरणी पोरं पश्चिमेला नाहीतर गिरण्यांकडे निघून गेली. आपल्या कोकणात नसतात का अशी घरं, दाराला कुलूप आणि अंगणात गुडघाभर गवत, तसंच. मागे राहिलेले सगळे एकमेकांना ओळखणारे, कोणाच्या घरात रात्री कोण खोकतंय हे पण माहीत असणारे.

त्यातला एक शेतकरी जॉर्ज ब्राउन. १८८३ च्या डिसेंबरात त्याची बायको मेरी एलायझा क्षयाने गेली. सहा महिन्यांत मोठी मुलगी मेरी ऑलिव्ह गेली, वय २०, कपडे शिवायचं काम करायची. या मुलीने आपल्या अंत्यविधीला कुठलं भजन म्हणायचं ते स्वतः निवडून ठेवलं होतं आणि तेच म्हटलं गेलं. वीस वर्षांची पोरगी अंथरुणावर पडून स्वतःच्या मयताचं गाणं ठरवतेय, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला. तेव्हा धाकटी मर्सी, घरात तिला लीना म्हणायचे, ती ११ वर्षांची होती.

मग एडविन, म्हणजे लीनाचा भाऊ. दुकानात कामाला होता, अंगापिंडाने चांगला, तो पण खोकायला लागला. हवापालटाला कोलोरॅडो स्प्रिंग्जला पाठवला, कारण त्या काळी औषध म्हणजे हवा, एवढंच होतं. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं मार्च १८८२ मध्ये, पण जंतू सापडला म्हणून औषध थोडंच सापडतं, स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. आपल्या आनंदीबाई जोशी बघा, फिलाडेल्फियाहून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानेच गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. डॉक्टरच्या हातात काही नव्हतं तिथे एक्सेटरच्या शेतकऱ्याच्या हातात काय असणार? (आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेला पाठवली, तिकडे त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंनी ती आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली, ते एक वेगळंच व्याख्यान आहे, परत कधीतरी.)

आणि मग लीना. तिचा क्षय सुसाट निघाला, अशाला तिकडे घोडदौडीचा क्षय म्हणायचे, डॉक्टरने बापाला सांगून टाकलं की आता उपचाराचा उपयोग नाही. १७ जानेवारी १८९२ ला ती गेली, वय १९. कडाक्याची थंडी, जमीन गोठून दगड झालेली, खड्डा खणता येईना, म्हणून चेस्टनट हिल बॅप्टिस्ट चर्चच्या दफनभूमीत एक दगडी कोठी आहे तिच्यात तिची शवपेटी ठेवली. ही कोठी लक्षात ठेवा.

आता इथे शब्दाची एक गंमत, गंमत म्हणू नये पण. इंग्रजीत तेव्हा या रोगाला कन्झम्प्शन म्हणायचे. आपण क्षय म्हणतो, म्हणजे माणूस झिजतो, कोणी झिजवत नाही, आपला आपण झिजतो. पण कन्झम्प्शन म्हटलं की माणूस खाल्ला जातोय, आणि खाल्ला जातोय म्हटलं की खाणारं कोण हा प्रश्न आलाच. त्या भागात, म्हणजे एक्सेटरच नाही, कनेक्टिकट, व्हरमाँट इकडे सगळीकडे, एक समजूत होती की घरातली माणसं एकापाठोपाठ जायला लागली तर गेलेल्यांपैकी कोणाच्या तरी काळजात अजून ताजं रक्त आहे आणि ते जिवंत असलेल्या रक्ताच्या माणसाला ओढतंय. व्हॅम्पायर हा शब्द ते लोक स्वतः वापरत नव्हते, तो पेपरवाल्यांनी चिकटवला. भूतबीत नाही, उपाय म्हणून बघायचे, शेवटचा.

एडविन कोलोरॅडोहून परत आला होता आणि ढासळत होता. शेजारी जॉर्जकडे आले, कबरी उघडून बघू म्हणाले. जॉर्जचा या असल्यावर विश्वास नव्हता. तरी त्याने परवानगी दिली. का दिली? मला वाटतं, उद्या एडविन गेला तर गाव म्हणणार उपाय होता आणि बापाने करू दिला नाही, आणि नंतर रात्री हाच प्रश्न तो स्वतःला पण विचारणार. आपल्यापैकी किती जणांनी आयसीयूबाहेर उभं राहून कोणीतरी आणलेला अंगारा पेशंटच्या उशीखाली ठेवलाय, मी ठेवलाय, विश्वास नसताना ठेवलाय.

१७ मार्च १८९२. लीनाला जाऊन बरोब्बर दोन महिने. जॉर्ज तिकडे गेला नाही. विकफर्डहून हॅरोल्ड मेटकाफ नावाचे डॉक्टर बोलावले होते. आई आणि मोठ्या बहिणीच्या कबरी उघडल्या, त्यांना आठेक वर्षं होत आलेली, काय उरणार. मग कोठीतली लीनाची पेटी उघडली, आणि ती फारशी बदललेलीच नव्हती. साहजिक आहे हो, दोन महिने हिवाळ्यात दगडी कोठीत म्हणजे फ्रीजरमध्येच ठेवल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं पण की यात विशेष काही नाही, फुप्फुसात क्षय स्पष्ट दिसतोय. पण हृदयात रक्त निघालं, गोठलेलं, आणि लोकांना तेवढंच बघायचं होतं. हृदय आणि यकृत दोन्ही काढून जवळच्या खडकावर जाळली. मराठीत हृदय आणि यकृत दोन्हींना मिळून आपण एकच शब्द वापरतो, काळीज. खाटकाकडची कलेजी तीच आणि आईचं तुटतं ते काळीजही तेच. म्हणून मला हे इंग्रजीत वाचताना जेवढं लागलं नाही तेवढं मराठीत सांगताना लागतं, की पोरीचं काळीज काढून जाळलं.

मागून कोणीतरी विचारतायत, राखेचं काय केलं. एडविनला पाजली, असं सांगतात. २ मे ला एडविन गेला.

शहरातल्या पेपरांनी मग खेडवळ म्हणून यथेच्छ झोडपलं. झोडपणं सोपं असतं. माझ्या लहानपणी शेजारच्या एका काकूंची ताटवाटी वेगळी ठेवायचे, रोगाचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत, ‘मोठा आजार’ म्हणायचे, आणि त्या गेल्यावर त्यांच्या मुलीचं स्थळ दोनदा मोडलं. तेव्हा गोळ्या मिळत होत्या, सरकारी दवाखान्यात फुकट. आम्ही कोणाला हसावं?

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मेरी ऑलिव्ह म्हटलं की भजन तरी आठवतं. लीनाचं काय आहे? तिला काय आवडायचं, गाणं म्हणायची का, काही नाही, तिच्याबद्दल आपल्याकडे जे आहे ते सगळं १७ मार्चचं आहे, १७ जानेवारीच्या आधीचं जवळजवळ काहीच नाही. तिच्यासाठी रडायला गावाला फक्त दोन महिने मिळाले, त्यातही निम्मं लक्ष एडविनच्या खोकल्याकडे. नंतर ती रडायची गोष्ट राहिलीच नाही, कुजबुजायची झाली.

आणि जॉर्ज. जॉर्ज ब्राउन १९२२ पर्यंत जगला. तीस वर्षं. ज्यांनी खडकावर जाळ केला त्यातली बरीच माणसं आसपासच असणार, तेच गाव, बाजाराला जायचं तर तोच रस्ता. माझ्या डोक्यातून हे जातच नाही की समोरासमोर आल्यावर ही माणसं काय बोलत असतील. पावसापाण्याचं बोलत असतील, दुसरं काय.

कबर अजून आहे, कोठी पण आहे. साधा दगड, त्यावर जॉर्ज आणि मेरी ब्राउन यांची मुलगी, गेल्याची तारीख, वय १९ वर्षं, एवढंच कोरलंय. दगड एकदा चोरीला गेला होता, सापडल्यावर आता लोखंडी पट्टीने जखडून ठेवलाय. हॅलोविनला गर्दी होते, लोक वस्तू ठेवून जातात, दागिने, प्लास्टिकचे सुळे. आणि मी वाचलेल्या एका वर्णनात त्या सुळ्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, कोणीतरी तिथे खोकल्याच्या गोळ्या ठेवून गेलं होतं.