पटावरची माणसं

नमस्कार श्रोतेहो.

कापूस घरात आला, तूर निघाली की आमच्या अमरावती जिल्ह्यात शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे वेध लागतात. तळेगाव दशासरचा पट तर साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे. मी खेड्यातल्या शाळेत चित्रकला शिकवली आणि दर हिवाळ्यात वही-पेन्सिल घेऊन पटाला जात आलो. जोडी सुटली की सगळं गाव जोडीकडं पाहतं. मी जोडीकडं पाठ करतो आणि गावाकडं पाहतो. मला काढायची असतात व्यंगचित्रं, आणि शर्यतीतली खरी गंमत पाहणाऱ्यांच्या तोंडावर असते.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून क्षणभर डोळे मिटा. मैदानाच्या कडेला एक आजोबा उभे आहेत. धोतराचा सोगा दातांत धरलाय. जोडी निम्म्यावर आली की त्यांचा उजवा हात आपोआप पुढं जातो आणि हातात नसलेला कासरा ओढायला लागतो. जोडी पार होते, धूळ खाली बसते, घड्याळाचा आकडा भोंग्यावरून सांगून होतो, तरी आजोबांची मूठ सुटत नाही. त्यांच्या शेजारी एक बाप आहे. खांद्यावर चार-पाच वर्षांचं पोरगं. पोरानं बापाचे दोन्ही कान कासऱ्यासारखे धरलेत आणि जीव खाऊन ओढतंय. बापाला पत्ताच नाही. त्याचं तोंड एवढं उघडंय की आत पानाचा विडा दिसतो.

हे मी वहीत घेतो. घरी आल्यावर आजोबांची मूठ त्यांच्या डोक्याएवढी करतो, आणि बापाचे कान खांद्यापर्यंत ताणतो.

आपल्याकडं अशा चित्राला अर्कचित्र म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. अर्क काढायचा म्हणजे भरपूर पाणी आटवायचं आणि थेंबभर सत्त्व ठेवायचं. पुष्कळांना वाटतं, नाक लांब केलं की झालं अर्कचित्र. पण ज्या माणसाचं नाक कुणाच्या लक्षातच राहत नाही, त्याचं नाक ओढून काय हाती लागणार? आजोबांचा अर्क त्यांच्या मुठीत होता. तो सापडेपर्यंत मी त्यांना तीन फेऱ्या नुसतं पाहत होतो.

घोड्यांची शर्यत मी एकदाच पाहिली, मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर. तिथं माझ्या पुढं सुटाबुटातले एक गृहस्थ उभे होते. घोडे शेवटच्या वळणावर आले आणि त्यांच्या हातातली कार्यक्रमाची पुस्तिका आपोआप स्वतःच्याच मांडीवर चाबकासारखी बसायला लागली. मला आमचे आजोबाच दिसले. कपडे तेवढे वेगळे.

इंग्लंडात ही नजर फार आधी तयार झाली. अठराव्या शतकाच्या शेवटी टॉमस रोलँडसन नावाचा चित्रकार शर्यतींची चित्रं काढायचा. त्यांत घोडे असतात, पण डोळा जातो तो पैजा लावणाऱ्यांच्या झुंबडीकडं. सुटलेली पोटं, एकमेकांच्या कानात बोलणारी तोंडं, ढकलाढकली. पुढं लंडनच्या व्हॅनिटी फेअर साप्ताहिकात ‘स्पाय’ या सहीनं लेस्ली वॉर्ड अर्कचित्रं काढू लागला. 1881 साली त्यानं फ्रेड आर्चर या जॉकीचं चित्र काढलं. आर्चर म्हणजे इंग्लंडात सलग 13 वर्षं सगळ्यांत जास्त शर्यती जिंकणारा माणूस. जॉकीच्या मानानं तो चांगलाच उंच होता, आणि वजन वाढू नये म्हणून अक्षरशः उपाशी राहायचा. हे कळल्यावर मी त्याच्या लांब, काटकुळ्या अंगाकडं पुन्हा पाहिलं. आधी हसू येतं, मग पोटात कालवतं. चांगलं अर्कचित्र दोन्ही देतं, असा माझा अनुभव आहे.

आपल्या काळाच्या जवळचं नाव घ्यायचं तर पिएर बेलोक. ‘पेब’ अशी सही करायचा. जन्मानं फ्रेंच, नाव झालं अमेरिकेत. डेली रेसिंग फॉर्म या घोडेशर्यतीच्या दैनिकात त्यानं जॉकी, मालक, प्रशिक्षक सगळ्यांची अर्कचित्रं वर्षानुवर्षं काढली. केंटकी डर्बी ही तिकडची मोठी घोडेशर्यत जिथं होते, त्या चर्चिल डाउन्सच्या मैदानावर डर्बी जिंकलेल्या जॉकींचं त्याचं मोठं भित्तिचित्र आहे.

आता पायांबद्दल बोलतो, कारण पोरं मला नेहमी तेच विचारतात. धावतं जनावर काढताना पाय कसे ठेवायचे? शेकडो वर्षं चित्रकारांनी पळता घोडा काढला तो पुढचे पाय पुढं, मागचे पाय मागं, पोट जमिनीला लागेल असा ताणलेला. जेरिको या फ्रेंच चित्रकारानं 1821 मध्ये इंग्लंडातल्या एप्सम डर्बी या घोडेशर्यतीचं चित्र काढलं, त्यातले घोडे असेच हवेत तरंगतात. मग 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं धावपट्टीच्या कडेला ओळीनं 12 कॅमेरे लावले. घोडा पुढं जाईल तसा आडवा दोरा ताणला जायचा आणि एकेका कॅमेऱ्याची कळ दाबली जायची. छायाचित्रं पाहून लोक चक्रावले. चारी पाय जमिनीवरून सुटतात हे खरं होतं, पण त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकारांनी काढले तसे फाकलेले नसतात.

मग खरं काढायचं की दिसतं तसं? मी पोरांना सांगतो, आधी खरं शिका. पाय पोटाखाली येतात ते शंभर वेळा काढा. त्यानंतर व्यंगचित्रात पाय ताणायचे असतील तर खुशाल ताणा, कारण तेव्हा तुम्हाला माहीत असतं की आपण ताणतोय. न शिकता ताणलेला पाय लगेच ओळखू येतो.

बैलांचं अवघड आणखी वेगळं आहे. घोडा एकटा पळतो, जॉकी त्याच्या मानेवर वाकलेला असतो. पटात दोन बैल एका जुवाखाली असतात. एकाचं पाऊल पुढं पडलं की दुसऱ्याच्या मानेला ओढ बसते. मागं छकड्यावर जोडी हाकणारा धुरकरी, वाऱ्यानं गाल फुगलेले, सदऱ्याचा शिडासारखा फुगा झालेला. या तिघांना एका रेषेत पकडणं मला अजूनही कठीण जातं.

व्यंगचित्र ही शहरातली, वर्तमानपत्रातली कला आहे असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे करून आपण झडत्या म्हणतो. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ झालं की सावकार, पुढारी, बाजारभाव, सगळ्यांचा समाचार घेतला जातो. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत नावाच्या मोठ्या पुतळ्याबरोबर बडगे निघतात. भ्रष्टाचार, महागाई, जे काही लोकांना छळतं त्याचं कागदा-बांबूचं अर्कचित्रच ते. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक ते नेऊन जाळतात. आणि चंद्रपूरला मनोहर सप्रे यांच्यासारखा प्राध्यापक व्यंगचित्रं काढत राहिला, वाळल्या लाकडात शिल्पं शोधत राहिला. ही आपल्याच मातीतली नजर आहे.

एक प्रसंग सांगायलाच हवा. ऐन उमेदीत मी पटाचं एक चित्र काढून पारावर लावलं होतं. त्यात जोडीतल्या डाव्या बैलाची जीभ गुडघ्यापर्यंत लोंबत काढली, डोळे फिरवले, चारी पाय चार दिशांना. लोक खूप हसले. बैलाचा मालक बराच वेळ चित्रापुढं उभा राहिला, मग माझ्याजवळ आला. म्हणाला, “गुरुजी, माहं नाक वाट्टे तेवढं लंबं करा, पन बैलाले हासू नोका. थो काय सोताहून पयते का?”

मी घरी जाऊन ते चित्र फाडलं. त्याचं म्हणणं खरं होतं. पैज माणसाची, हौस माणसाची, मोठेपणा माणसाचा. बैलाला यातलं काही नको असतं. पुढं 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जनावरांच्या छळावरून बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा गावात फार कडवटपणा होता. मलाही पटाची चुटपुट लागली होती, पण शेपट्या पिरगाळणारे हात मी डोळ्यांनी पाहिले होते. त्या वर्षांत मी तेच हात काढले. माणूस एवढासा आणि हात पिंपाएवढे. 2021 च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली, पट पुन्हा भरू लागले. ती चित्रं मी आजही शाळेतल्या पोरांना दाखवतो.

फाडलेल्या चित्राच्या बदल्यात मी त्या मालकाला दुसरं काढून दिलं. बैल जसेच्या तसे, वशिंडाचा बाक, शिंगांचा डौल, कुठं एक रेघ वाकडी नाही. मालकाची मिशी मात्र शिंगांपेक्षा लांब, वाऱ्यानं मागं उडून पार छकड्याच्या चाकात अडकलेली. त्यानं ते गोठ्यात गव्हाणीच्या वर टांगलं.

त्यातला डावा बैल आता नाही. चित्र धुरानं पिवळं पडलंय. मागच्या पोळ्याला मी गेलो होतो. बैलांना ओवाळून झालं, पुरणपोळीचा घास देऊन झाला, आणि घरातल्या सुनेनं चित्रातल्या डाव्या बैलाच्या कपाळालाही कुंकवाचं बोट लावलं. जाता जाता तेच बोट मालकाच्या मिशीलाही लागलं. कुणी पुसलं नाही.