टीव्हीपुढून उठलेली पोरं

(पडदा काळा. त्यावर चांदण्या, मधोमध हिरव्या अक्षरांत एका मालिकेचं नाव. तळाशी पिवळी पाटी, तिच्यावर फावड्याने माती उपसणारा, एकसारखा हलणारा माणूस.)

अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ‘द एक्स-फाइल्स’ ही विज्ञान-गूढकथांची मालिका सुरू झाली १० सप्टेंबर १९९३ ला. पहिली काही वर्षं ती शुक्रवारी रात्री नऊला लागायची. न्यूयॉर्कमध्ये दहा वाजता भाग संपायचा, तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सातच वाजलेले असायचे. तिकडच्यांना तोच भाग दिसायला अजून दोन तास बाकी. त्या दोन तासांत पूर्वेकडची शाळा-कॉलेजातली पोरं टीव्हीपुढून उठायची, कॉम्प्युटर सुरू करायची, फोनच्या वायरीतून इंटरनेट जोडणाऱ्या मोडेमची किंचाळी ऐकत वाट बघायची आणि आत्ताच पाहिलेला भाग सविस्तर लिहून काढायला बसायची. वर ठळक अक्षरांत ताकीद असायची: भाग बघितला नसेल तर खाली येऊ नका.

ही फिल्म त्या पोरांची आहे. ती स्वतःला ‘वेबमास्टर’ म्हणवून घ्यायची आणि ते बिरुद अभिमानाने आपल्या वेबपानाच्या तळाशी लावायची. मीही वेबसाइट बांधते, माझं पोट त्यावरच चालतं. त्यांची जुनी पानं गचाळ होती असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. या पोरांना टीव्हीला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, आणि त्या पानांचा तोंडवळा त्या धडपडीतूनच घडला, असं माझं मत ती पानं बघता बघता पक्कं होत गेलं.

(दिवाणखाना. जाडजूड टीव्ही, शेजारी टेबलावर बेज रंगाचा कॉम्प्युटर. भिंतीतून आलेली फोनची वायर.)

तोवर टीव्ही एकट्यानेच बोलत होता. आवडलं तर वाहिनीला पत्र लिहा, नाही आवडलं तर चॅनेल बदला, एवढंच हातात. घरात किंवा वर्गात ती मालिका बघणारं दुसरं कोणी नसेल, तर सगळं बोलणं मनातच राहायचं.

नोव्हेंबर १९९४ मध्ये डेव्हिड बॉनेट आणि जॉन रेझनर यांनी कॅलिफोर्नियात एक कंपनी काढली. वर्षभरात तिचं नाव झालं जिओसिटीज. फुकट जागा घ्या आणि स्वतःचं पान बांधा, असा सरळ व्यवहार. जागा वस्त्यांमध्ये वाटलेली होती. विज्ञानकथांची आवड असेल तर ‘एरिया ५१’ मध्ये या, टीव्ही मालिकांसाठी ‘टेलिव्हिजन सिटी’ मध्ये. प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा आणि तो पानाच्या पत्त्यातच दिसायचा. म्हणजे पत्ता वाचूनच कळायचं की हा माणूस कोणत्या वस्तीतला आहे आणि त्याचे शेजारी कोण.

जागा किती मिळायची? सुरुवातीच्या काळात २ एमबी. आज फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा बहुतेक वेळा त्यात मावणार नाही. मालिकेतलं एक दृश्य ३० केबीचं केलं, तर साठ-पासष्ट चित्रांत सगळी जागा संपली. शिवाय २८.८ चा मोडेम सगळं सुरळीत असताना सेकंदाला साडेतीन केबीच्या आसपास खेचायचा. म्हणजे ते एक चित्र उतरायला आठ-नऊ सेकंद, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. म्हणून मग पोरांनी युक्ती केली. चांदण्यांचा एक चिमुकला चौकोन घ्यायचा आणि ब्राउझरला सांगायचं, हाच पानभर पुन्हा पुन्हा उमटव. दोन-तीन केबीत अख्खं आकाश! एक्स-फाइल्सच्या चाहत्यांची ती काळी, चांदण्यांनी भरलेली पानं इतक्या काटकसरीतून आली आहेत.

रंगांचंही तसंच. बऱ्याच मॉनिटरवर एका वेळी २५६ रंगच दिसायचे, आणि विंडोज व मॅक दोन्हीकडे सारखे दिसतील असे त्यातले फक्त २१६. लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकाच्या सहा पायऱ्या. सहा गुणिले सहा गुणिले सहा. त्यामुळे तो झगझगीत हिरवा आणि तो जांभळा सगळीकडे दिसतो.

(पडद्यावर पानाचा सोर्स. ओळी सावकाश वर सरकतात.)

अशा पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडला की काय दिसतं, ते जरा निवांत बघू. सुरुवातीलाच पार्श्वभूमीचा रंग: सहा शून्यं, म्हणजे काळा. मग एक टेबल, म्हणजे तक्ता, त्याची किनार शून्य, म्हणजे ते डोळ्यांना दिसणारच नाही. टेबल खरं तर आकडेवारी मांडायला होतं. पण पानाची मांडणी आणि सजावट सांगणाऱ्या सीएसएस या भाषेचं पहिलं मानक डिसेंबर १९९६ मध्ये आलं आणि ब्राउझर त्याला धड ओळखायला लागेपर्यंत आणखी काही वर्षं गेली. तोवर पानाची मांडणी करायची ती टेबलातच. डावा रकाना अरुंद, त्यात भागांची यादी, पात्रं, चित्रं, आवाजाच्या फाइली, चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, लिंका. उजवा रकाना रुंद. आणि दोघांमध्ये अंतर हवं म्हणून एक चित्र घातलेलं, एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, पूर्ण पारदर्शक. वजन पन्नास बाइटही नाही. त्याची रुंदी वीस लिहिली की ब्राउझर त्याला ताणून वीस करायचा आणि रकाने एकमेकांपासून सुटे व्हायचे. न दिसणारं चित्र घालून मोकळी जागा तयार करायची! हे ज्या कोणाला पहिल्यांदा सुचलं त्याच्या डोक्याला मी मनापासून दाद देते.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. नेटस्केप या ब्राउझरने आणलेली लुकलुकणारी अक्षरं वाचताना डोळ्यांना खरोखर त्रास व्हायचा. टेबलात टेबल अडकवलेलं पान स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या अंध माणसाला तर कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं तेच कळायचं नाही. पण एक गोष्ट फार मोलाची होती. कोणाचंही पान आवडलं की त्याचा सोर्स उघडायचा, ती ओळ उचलायची, आपल्या पानात घालून बघायची. चाललं तर ठेवायचं, बिघडलं तर शून्याचा एक करून पाहायचा. बहुतेकांना कोणी शिक्षक नव्हता, एकमेकांची पानं हीच त्यांची शाळा. आजच्या मोठ्या साइटचा सोर्स उघडून बघा. यंत्राने आवळून एका ओळीत कोंबलेला मजकूर दिसेल, त्यातून नवख्या मुलाला काहीही उचलता येत नाही. माझ्या धंद्यातली ही मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे.

(आकड्यांची पट्टी: काळ्यावर हिरवे आकडे. एक आकडा पुढे सरकतो.)

पान बांधून झालं की पुढचा प्रश्न: कोणी बघतंय का? म्हणून काउंटर. तो आकडा म्हणजे एक चित्र असायचं. पान उघडलं की ब्राउझर ते चित्र सर्व्हरकडे मागायचा, सर्व्हरवरचा छोटा प्रोग्राम आकडा एकाने वाढवायचा आणि नवीन चित्र पाठवायचा. त्याच्या शेजारी गेस्टबुक, प्रदर्शनाच्या दाराशी ठेवतात तशी अभिप्रायवही. ‘पान छान आहे, मीही हा भाग पाहिला, माझ्याकडेही येऊन जा.’

या गेस्टबुकचे आणि काउंटरचे प्रोग्राम कोणी लिहिले? त्यातले असंख्य मॅट राइट नावाच्या मुलाचे होते. त्याने १९९५ मध्ये पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतले आपले प्रोग्राम सगळ्यांसाठी फुकट ठेवले, तेव्हा तो अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात हायस्कुलात शिकत होता. त्याच्या कोडमध्ये सुरक्षेच्या उणिवा होत्या आणि पुढे स्पॅम पाठवणाऱ्यांनी त्यांचा भरपूर फायदा घेतला. तरीही हजारो पानांवर पहिल्यांदा वाचकाचा शब्द उमटला तो या शाळकरी मुलाच्या प्रोग्राममुळे.

त्याच वर्षी ओरेगन राज्यातल्या सेज वाइल नावाच्या, विशीही न गाठलेल्या मुलाने वेबरिंग तयार केली. पानाच्या तळाशी एक पट्टी: मागचं पान, पुढचं पान, कुठलंही एक पान. एकाच मालिकेचे चाहते त्या पट्टीने एकमेकांना जोडलेले. ‘पुढचं’ दाबत राहिलात की सगळ्यांच्या घरी डोकावून पुन्हा आपल्याच दारात. रिंगमध्ये कोणाला घ्यायचं ते रिंगचा चालक ठरवायचा, आणि तो हाडामांसाचा माणूस असायचा. अर्ज आला की तो पान उघडून वाचायचा. गूगल यायच्या आधीच्या त्या काळात चाहते एकमेकांना सापडले ते बरेचसे असे. आज मला एखादी मालिका आवडली की पुढे काय बघायचं ते कंपनीचं गणित सांगतं. वेबरिंगमध्ये ते सांगायचा कोणीतरी माझ्याचसारखा वेडा प्रेक्षक. माझं झुकतं माप कोणाकडे आहे, हे वेगळं सांगायला नको.

(न्यायालयीन पत्राचा कागद. मजकूर धूसर.)

वाहिन्यांना हे सगळं आधी आवडलं, मग खुपायला लागलं. १९९६-९७ च्या सुमारास व्हायाकॉमने ‘स्टार ट्रेक’च्या आणि फॉक्सने आपल्या मालिकांच्या चाहत्यांना वकिलांमार्फत पत्रं धाडली: आमची चित्रं काढा, आवाजाच्या फाइली काढा. पत्र हातात पडायचं ते घरात आई-वडिलांसोबत राहणाऱ्या मुलांच्या. मालिकेची फुकट जाहिरात करणाऱ्या पोरांना कंपनीने असं दरडावावं, याचा मला आजही राग येतो. कायदा कंपनीच्या बाजूचा असेल, पण कोणत्या प्रेक्षकाच्या जिवावर आपण उभे आहोत याचं भान त्यात नव्हतं.

मे १९९९ मध्ये मात्र उलटंच घडलं. कोलंबाईन शाळेतल्या गोळीबाराला जेमतेम महिना झाला होता, म्हणून डब्ल्यूबी वाहिनीने ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या मालिकेचा हंगामाचा शेवटचा भाग पुढे ढकलला. तो शाळेच्या पदवीदान समारंभात घडत होता. अमेरिकेत तो लागला थेट १३ जुलैला. पण कॅनडातल्या काही प्रेक्षकांना तो आधीच दिसला होता. बघता बघता टेप निघाल्या आणि चिमुकल्या खिडकीतल्या व्हिडिओ फाइली इंटरनेटवर फिरल्या. वाहिनीने ठरवलेली वेळ पोरांनी जुमानली नाही, आणि टीव्हीचं वेळापत्रक हे यापुढे वाहिनीच्या एकटीच्या हातात राहणार नाही, हे तेव्हाच दिसून गेलं.

त्याच वर्षी याहूने ३ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे शेअर देऊन जिओसिटीज घेतली. जूनमध्ये नव्या अटी आल्या, त्यांचा अर्थ असा निघत होता की पानांवरचा मजकूर याहूचा. रहिवासी खवळले, याहूला अटी बदलाव्या लागल्या. पण जमीन कोणाची होती ते कळून चुकलं होतं. २६ ऑक्टोबर २००९ ला याहूने जिओसिटीज बंद केली.

(हार्ड डिस्कची रांग. दिवे लुकलुकतात.)

बंद होण्याआधीच्या काही महिन्यांत जेसन स्कॉट आणि त्यांच्या ‘आर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी जमेल तेवढी पानं उतरवून घेतली आणि २०१० मध्ये सगळ्यांना खुली केली. त्या साठ्यातून ओलिया लियालिना आणि ड्रागान एस्पेन्शिड या कलावंत जोडीने जुन्या ब्राउझरमध्ये पानं उघडून त्यांची छायाचित्रं काढण्याचं काम हाती घेतलं. ती बघत बसले की वेळ कसा जातो कळत नाही. पुढे २०१३ मध्ये काइल ड्रेक यांनी निओसिटीज सुरू केली. आज तिथे विशीतली मुलं पुन्हा हाताने एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड, लिहितात, पुन्हा वेबरिंग चालवतात आणि आवडत्या मालिकांची देवळं उभारतात. माझं स्वतःचं पानही तिथेच आहे.

(जुना मॉनिटर. पानावर रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हं यांचा काला.)

हे पान मराठी आहे. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि १९९९ मध्ये त्याच तारखेला अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली. त्या वर्षांत सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आणि परदेशातल्या विद्यापीठांत बसून मराठी मुलांनीही पानं बांधली. जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरच्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसायला विंडोज २००० आणि एक्सपी यावं लागलं. तोवर ‘शिवाजी’, ‘किरण’ असे फॉन्ट होते. त्यांत मराठी अक्षराचं चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवलेलं असायचं, म्हणून पानाच्या माथ्यावर सूचना: आधी फॉन्ट उतरवून घ्या. फॉन्ट आहे तोवर मराठी. तो नसला की हा असा काला. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये अशी पानं अक्षर न् अक्षर शाबूत आहेत आणि तरी वाचता येत नाहीत.

ती परत वाचता येतात. काही जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्राम लोकांनी लिहून ठेवले आहेत. बाकीच्यांसाठी मूळ फॉन्टची टीटीएफ फाइल हाताशी हवी. तुमच्या माळ्यावर त्या काळची सीडी, फ्लॉपी किंवा बंद पडलेला कॉम्प्युटर असेल, तर पानं आणि फॉन्ट दोन्ही काढून घ्या. इंटरनेट आर्काइव्हवर खातं फुकट निघतं. दोन्ही फाइली एकत्र चढवा, आणि वर्णनात फॉन्टचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही लिप्यांत लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.