दिवे घाटातला तिसरा गिअर

[दृश्य: पहाट, हडपसर. सोसायटीच्या पार्किंगमधली पांढरी गाडी, स्टिअरिंगच्या मागून.]

इंजिन चालू. पाय ब्रेकवर. लिव्हर पार्कमधून रिव्हर्सला. काहीच होत नाही. एक... दोन... तीन... आणि मागून कुणी लाथ घालावी तसा धक्का बसून गाडी सरकते.

या गाडीच्या मालकीणबाई सासवडला शाळेत शिकवतात. सकाळी दिवे घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. गाडी अकरा वर्षांची, सहा गिअरची ऑटोमॅटिक, मीटरवर १ लाख ३१ हजार किलोमीटर. रिव्हर्स टाकून तीन आकडे मोजायची सवय कधी लागली, हे आता त्यांनाही सांगता येत नाही. घाटातलं दुखणं मात्र दुर्लक्ष करण्यासारखं राहिलं नव्हतं. दुसऱ्यातून तिसरा पडायच्या वेळी इंजिन एकदम ओरडायचं, आरपीएमचा काटा चार हजारांकडे धावायचा आणि गाडी तिथल्या तिथे. मागे ऊस भरलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय.

एका वर्कशॉपने स्कॅनर लावून पाच मिनिटांत निकाल दिला: गिअरबॉक्स गेला, अख्खा बदला. खर्चाचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीला जाऊन टेकणारा.

[दृश्य: फुरसुंगीच्या बाजूचं गॅरेज. पत्र्याची शेड, दोन रॅम्प, भिंतीवर तेलकट झालेला एक तक्ता.]

या शेडमध्ये फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतात. तसं पाहिलं तर 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली आपण चार वेगळे प्राणी बांधतो. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचा हात. आपल्याकडे तो २०१४ साली सेलेरिओतून आला. मग पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी, दोन क्लचचा डीसीटी, आणि सगळ्यांत जुना तो टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलच्या जोरावर गिअरबॉक्सकडे पोचवणारा. बाईंच्या गाडीत हा शेवटचा आहे. याचं घराणं मोठं: १९३९ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या १९४०च्या मॉडेलवर 'हायड्रामॅटिक' आला तेव्हापासूनचं. दुसऱ्या महायुद्धात तोच गिअरबॉक्स अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसला.

गॅरेजच्या उस्तादांनी गाडी रॅम्पवर चढवलीच नाही. आधी बाईंना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारायला सुरुवात केली. त्रास थंड गाडीला जास्त की गरम? उतारावर? रिव्हर्स अडकतो, मग ड्राइव्ह पण अडकतो का?

"ड्राइव्ह लगेच पडतो हो दादा. रिव्हर्सलाच नखरे."

उस्ताद नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये किती होतं, ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

चहा येईपर्यंत शिकाऊ पोराने बॅटरीचे व्होल्ट तपासले, अर्थिंगची तार हलवून पाहिली. गिअरबॉक्सच्या नावाने आलेल्या गाड्यांतल्या काहींचा आजार गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाही. इग्निशन कॉइल कमकुवत झाली की इंजिन मिस होतं, गाडी झटके खाते आणि बोल गिअरला लागतो. इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे ते ज्यावर बसतं ते रबर, फाटले तरी तोच धक्का. हे आधी बाजूला काढावं लागतं. इथे दोन्ही ठीक निघालं.

मग ऑइल. या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही. खालचा प्लग उघडून पातळी बघायची आणि तीही ऑइल साधारण ४० अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून. पातळी बरोबर होती. पण बाटलीच्या झाकणात घेतलेला नमुना बघा.

[दृश्य: दोन झाकणं शेजारी शेजारी. एकात नवं ऑइल, डाळिंबाच्या रसासारखं. दुसऱ्यात गाडीतलं.]

दुसऱ्या झाकणात कॉफीचा गाळ. वासही जळका, करपलेल्या दुधाच्या भांड्यासारखा. सर्व्हिस बुकात हे ऑइल कधी बदलल्याची नोंद नाही, कारण त्यात छापलंय 'लाइफटाइम'. आयुष्यभर चालेल, पण कुणाच्या आयुष्यभर, ते कुठे लिहिलेलं नसतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी आपलं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान बदला असं स्वतःच सांगते. आणि हे ऑइल नुसतं वंगण नसतंच. ते दाब पोचवतं, उष्णता वाहून नेतं आणि क्लच किती घसरून किती घट्ट पकडेल हेही ठरवतं. त्या नेमक्या घसरणीसाठी अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत यात चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालत. व्हेलला संरक्षण मिळालं आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधत बसावं लागलं.

उस्तादांना दिसलेली सगळ्यांत वाईट ऑइलं काळी नव्हती, गुलाबी होती. काही गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आत फुटली की कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, आणि ऑइल एक होतं आणि चेंबर, म्हणजे खालची ऑइलची परात, उघडल्यावर स्ट्रॉबेरी मस्तानी बाहेर येते. कूलंट क्लचप्लेटचा गोंदच सोडवतं. तशा गाडीत मग खर्चाला अंत नाही.

[दृश्य: दिवे घाट. उस्ताद चालवताहेत, शिकाऊ पोरगा शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन.]

स्कॅनरमध्ये कोड आहे पी ०७३३. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर चुकतंय, एवढंच तो सांगतो. का चुकतंय हे तो सांगत नाही, आणि आधीचं वर्कशॉप इथेच थांबलं होतं. उस्तादांना कोडपेक्षा दोन आकडे हवेत: गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा वेग आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा.

पहिला, दुसरा, झकास. वळण आलं. तिसरा...

"सुटला!" पोरगा ओरडला. आत शिरणारा शाफ्ट उसळलाय, बाहेरचा आहे तिथेच. तिसरा पडतोय, पण पकडत नाही. थोडं वर सपाटीला चौथा स्वच्छ पडला. पाचव्याला पुन्हा हलकी उसळी. सहावा स्वच्छ.

परत आल्यावर सगळे त्या तेलकट तक्त्यासमोर.

मॅन्युअलमध्ये आपण गिअर टाकतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. मधलं दातेरी चाक म्हणजे सूर्य, त्याच्याभोवती छोटी चाकं म्हणजे ग्रह, बाहेरून दातेरी कडं. यातल्या कुणाला धरून ठेवलं आणि कुणाला फिरवलं, यावर गिअर ठरतो. धरण्या-फिरवण्याचं काम क्लच आणि ब्रेक करतात. या गाडीतली मांडणी लपेलटिये या फ्रेंच इंजिनिअरची. पाच क्लच-ब्रेक मिळून सहा पुढचे गिअर आणि एक मागचा. प्रत्येक गिअरला त्यातले दोन कामाला लागतात. कोणत्या गिअरला कोणते दोन, ते तक्त्यावर ठिपक्यांनी दाखवलंय.

उस्तादांचं बोट तिसऱ्या गिअरच्या ओळीवर. ठिपके दोन, त्यातला एक 'के-३' नावाच्या क्लचखाली. पाचवा गिअर: पुन्हा के-३. आणि रिव्हर्स?

के-३.

चौथ्याला आणि सहाव्याला या क्लचची गरजच नाही, म्हणून ते धडधाकट. सकाळच्या चहाला बाई म्हणाल्या होत्या, रिव्हर्सलाच नखरे. तेव्हाच उस्तादांनी मनात तक्ता उघडला होता.

[दृश्य: गिअरबॉक्स टेबलावर. चेंबर काढलेलं, त्यातली चुंबकं हातात.]

चेंबरमधल्या चुंबकांवर करडा, मऊ लेप. बोटात चोळला तर काजळासारखा. एवढा लेप वय झालेल्या गिअरबॉक्सला शोभतो. टोचणारे कण किंवा पितळेचे चकाकणारे तुकडे असते, तर बेअरिंग नाहीतर बुश गेला असता. ते नाहीत. खाली बसलेला गाळ काळा आहे, आणि चुंबक त्याला ओढत नाही. म्हणजे धातू नव्हे. क्लचप्लेटचं अस्तर.

के-३चा ड्रम, म्हणजे प्लेटा बसतात तो डबा, खोलला. त्या अडकवून ठेवणारी सर्क्लिप निघाली, प्लेटांची चळत हातात आली. जिच्यावर अस्तर चिकटवलेलं असतं ती प्लेट जरा जवळून पाहू. हे अस्तर कागदाचं असतं. अक्षरशः कागद, तंतू आणि राळ मिळून बनवलेला, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. अख्खी गाडी दिवे घाट चढते ती अशा काही कागदी चकत्यांच्या भरवशावर. इथे एका चकतीचा कागद खरवडून गेलाय, आतलं लोखंड उघडं. तिला लागून बसणाऱ्या पोलादी प्लेटवर निळसर डाग: तापल्याची खूण.

आमच्या कॅमेऱ्याला वाटलं, सापडलं. प्लेटा बदला, मोकळे व्हा.

उस्ताद हसले. "ही मेलेली आहे. मारणारा अजून सापडायचाय."

दुरुस्तीनंतर सहा महिन्यांत परत येणारे बहुतेक गिअरबॉक्स येतात ते इथे घाई झाल्यामुळे, असं त्यांचं मत आहे, आणि आम्हाला ते पटलं. क्लच आपणहून जळत नाही. दाब कमी पडला की तो घट्ट पकडत नाही, घसरतो, घसरताना जळतो. मग दाब कुठे गळतोय?

पहिला संशय पिस्टनच्या रबरी सीलवर. रबर कडक झालं की थंडीत ऑइल निसटतं. ड्रमच्या ऑइलच्या भोकात कॉम्प्रेसरची हवा सोडली. टप्प. पिस्टन नीट उचलला, हवा धरून राहिला. सील निर्दोष. म्हणजे वाट वर, वॉल्व्ह बॉडीकडे.

[दृश्य: वॉल्व्ह बॉडी. अॅल्युमिनिअमचा ठोकळा, आत वाटांचं जाळं.]

वारुळ उभं कापलं तर असंच दिसावं. सोलेनॉइड, म्हणजे कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर विजेने हलणारे खटके, सांगतील तसे बोटाच्या पेराएवढे वॉल्व्ह या भोकांतून मागेपुढे सरकतात आणि टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब हव्या त्या क्लचकडे वळवतात. वॉल्व्ह दिवसभर थरथरत असतो. भोक अॅल्युमिनिअमचं. वर्षानुवर्षं, मळक्या ऑइलमध्ये.

उस्तादांनी व्हॅक्यूम पंपाची नळी एकेका भोकाला लावली. काटा चढतो, टिकतो. पुढचं भोक, टिकतो. के-३चा दाब सांभाळणाऱ्या वॉल्व्हच्या भोकाला लावली. काटा चढला आणि दमलेल्या माणसासारखा खाली बसला. पुन्हा लावली. पुन्हा बसला. भोक झिजलंय, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. नुसत्या डोळ्याने बघून कुणी शपथेवर सांगितलं असतं की काही झालेलं नाही.

पुढचं सगळं वेळखाऊ, पण सरळ. भोक रीमर नावाच्या कापणाऱ्या हत्याराने हलक्या हाताने मोठं करून त्यात जाड वॉल्व्ह. नव्या क्लचप्लेटा बसवण्याआधी नव्या ऑइलमध्ये भिजत, डाळ भिजत घालावी तशा, कारण कोरडा कागद पहिल्याच पकडीत जळू शकतो. सगळे सील नवे, जुने चांगले होते तरी. चळत बसवल्यावर फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी प्लेटांमधली मोकळीक मोजली. टॉर्क कन्व्हर्टर लेथवर कापून धुतला, कारण जळालेल्या कागदाचा गाळ त्याच्या पोटात जाऊन बसतो आणि बाहेरून कितीही धुतलं तरी निघत नाही. कूलरच्या नळ्याही फ्लश केल्या.

कन्व्हर्टर परत बसवताना उस्तादांनी शिकाऊ पोराला रेडिओ बंद करायला लावला. कन्व्हर्टर फिरवत आत ढकलायचा, खट, आणखी फिरवायचा, खट. सगळ्या खाचा बसल्या नाहीत आणि वरून बोल्ट आवळले, तर इंजिन चालू होताच ऑइल पंप फुटतो. तो 'खट' कानाने ऐकावा लागतो.

[दृश्य: रॅम्पवर गाडी, इंजिन चालू. खालच्या प्लगमधून ऑइलची धार बारीक होत होत थेंबांवर येते. स्कॅनरवर ४१ अंश.]

प्लग आवळला. जुन्या, झिजलेल्या क्लचसाठी कॉम्प्युटरने शिकून ठेवलेले आकडे पुसले. आता तो नव्याने शिकेल, म्हणून पहिले काही किलोमीटर गिअर जरा अवघडल्यासारखे पडतात. घाटात त्याच वळणावर तिसरा पडला. पोरगा स्कॅनरकडे बघत राहिला, ओरडायला काही मिळालं नाही.

बिल नव्या गिअरबॉक्सच्या निम्म्याच्याही आत. त्यावर उस्तादांनी पेनाने लिहून दिलं: ऑइल पुन्हा ६० हजारांनी.

[दृश्य: संध्याकाळ. शेडच्या दारात गाडी, स्टिअरिंगमागे बाई.]

पाय ब्रेकवर. लिव्हर रिव्हर्सला. बाईंचे ओठ सवयीने हलतात. एक... दोन...

"मॅडम, पडलाय कधीचा," उस्ताद बाहेरून ओरडतात. "ब्रेक सोडा!"